तरवडाचं कुंपण: बी, खड्डा, पाणी, छाटणी

कुंपणकर:
तारेच्या कुंपणालगत तरवड लावायचा आहे. लांबी १८ मीटर. साधारण १२ मीटर जागा मुरमाड आणि थोड्या उताराची. उरलेली ६ मीटर सखल, काळ्या मातीची. तिथे मोठा पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी हलत नाही. वर्षाचा पाऊस ५०० मिमीच्या आतबाहेर. उन्हाळ्यात पाणी मोजकंच.

प्रश्न असे: रोपं घ्यावीत की बी लावावं? खड्डा केवढा, त्यात शेणखत किती? ठिबक किती वेळ चालवायचं? आणि काळ्या मातीत तरवड लावूच नये का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शंकेखोर:
एवढं काय त्यात? माळावर तरवडाला कोण खड्डे खणतं आणि कोण पाणी घालतं? बी फेका आणि विसरा.

मुरूमाड:
शंकेखोर, माळाचा हिशोब वेगळा. तिथे एकेका झुडपाखाली ढिगाने बी पडतं. त्यातलं बरंचसं भुंगेरे पोखरतात, काही दोन-तीन पावसाळे तसंच पडून राहतं, रुजलेल्यांतली बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. आपल्याला दिसतं ते उरलेलं. कुंपणाला मात्र प्रत्येक जागी झुडूप हवं असतं, मध्ये फट चालत नाही.

दुसरं असं की माळावरच्या तरवडाचं सोटमूळ रुजल्या दिवसापासून सरळ खाली गेलेलं असतं. पिशवीतलं मूळ तळाला लागून वळलेलं असतं. तरवड कोरड सोसतो ती या मुळाच्या जोरावर. पहिल्या बारा महिन्यांत मूळ किती खोल गेलं, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. खड्डा, खत, ठिबक, सगळ्यांची उत्तरं इथूनच निघतात.

मुरमाड भागाचं आधी सांगतो. ४५ × ४५ × ४५ सेंमीचा खड्डा पुरे. खरं काम त्याच्या तळाशी आहे. तळाच्या मधोमध पहार मारून आणखी ३० सेंमी खोल भोक पाडा आणि त्यात वरची भुसभुशीत माती ढकला. मुरूम थरांचा असतो, मुळाला एक वाट मिळाली की ते पुढची फट स्वतः शोधतं. तळ जसाच्या तसा सोडला तर मूळ खड्ड्याच्या आतच गोल फिरतं आणि तुम्ही जमिनीत पुरलेली कुंडी तयार करता. टिकावाने कडा गुळगुळीत झाल्या असतील तर पहारीच्या टोकाने ओरखडून घ्या.

भरताना निघालेलीच माती आणि मुरूम परत घाला, फक्त मुठीपेक्षा मोठे दगड वेगळे काढा. ते फेकू नका, वर आच्छादनाला लागतात. शेणखत पूर्ण कुजलेलं, खड्ड्याला अर्धं घमेलं, तेही वरच्या १५ सेंमीत मिसळून. तळाशी खत घालायची सवय अनेकांना असते. ते खत कुजून बसतं, माती खाली दबते आणि रोपाची मान खड्ड्यात जाते. पहिल्या पावसात त्या खळग्यात पाणी साचतं आणि बुंधा सडतो. लोक म्हणतात मर रोग आला.

उतारावर प्रत्येक झुडपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला, उंची २० सेंमी, दोन्ही टोकं चढाकडे वळवलेली. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बांधाच्या वर २ चौरस मीटर जागा उतरती असेल तर २० मिमीच्या सरीत तिथे ४० लिटर पडतात. त्यातले अर्धे जरी वाहून आळ्यात आले तरी ते एका मोठ्या पाणपाळीएवढं होतं.

बियाणेवाली:
बी की रोप, याचं उत्तर माझ्या मते बी, आणि शक्यतो थेट जागेवर. पण प्रक्रिया न करता टाकलं तर उगवण तुटक-तुटक होते. तरवडाच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत जातच नाही. बी मेलेलं नसतं, बंद असतं.

शेंगा कधी काढायच्या: पूर्ण तपकिरी, कागदासारख्या, हलवल्यावर खुळखुळणाऱ्या. शेंग चपटी असते, उजेडात धरली की प्रत्येक बी आपापल्या खणात बसलेलं दिसतं, एका शेंगेत साधारण १२ ते २० बिया. गोल भोक असलेली बी टाकून द्या, भुंगेरा आतला गर खाऊन बाहेर पडलेला असतो. भोक नसलेल्या बियांतही अळी असू शकते. म्हणून बी नीट वाळवून, हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर साठवा. ओलसर बी मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नका.

गरम पाण्याची पद्धत: पाण्याला उकळी आणा, विस्तवावरून उतरवा, चार-पाच मिनिटं थांबा. बियांच्या दहापट पाणी हवं. त्यात बी सोडा आणि ते पाणी आपोआप गार होईतो, म्हणजे रात्रभर तसंच राहू द्या. विस्तवावर असताना बी टाकलं तर शिजतं. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतील, त्या त्याच दिवशी लावा. न फुगलेल्या वेगळ्या काढून त्यांना पुन्हा एकदा गरम पाणी द्या किंवा कवच घासा.

थोडंच बी असेल तर नेलकटर सगळ्यात भरवशाचा. बीचं एक टोक निमुळतं असतं, देठाची खूण तिथे असते आणि अंकुर तिथूनच निघतो. त्या टोकाला हात लावायचा नाही. समोरच्या रुंद कडेचा कवचाचा अगदी कण कापा. आतला फिकट रंग दिसला की थांबा. मग साध्या पाण्यात रात्रभर. अशा बियांची उगवण ५ ते १० दिवसांत दिसते.

कुंपणकर:
थेट जागेवर लावायचं तर मृगाच्या पहिल्या पावसाला लावू का?

बियाणेवाली:
नको. पहिल्या शिडकाव्यावर बी फुगतं आणि नंतर दहा दिवस ऊन पडलं की फुगलेलंच वाळतं. खुरप्याने उकरून पाहा, वीतभर खोल ओल गेली आणि वर वाफसा आला की लावा. एका जागी ४ बिया, एकमेकींपासून चार बोटं लांब, खोली १ ते दीड सेंमी. त्याहून खोल गेलं तर काळ्या मातीत वर येताना कोंबाची मान मोडते.

यातली एक युक्ती: चारातल्या दोन बिया प्रक्रिया केलेल्या आणि दोन तशाच लावा. पहिल्या दोन लगेच येतील. मध्येच पावसाने दडी मारून ती रोपं गेली तर प्रक्रिया न केलेल्या बिया पुढच्या ओलीला उगवण्याची शक्यता उरते. दोन पानं असताना १० दिवस कोरडे गेले तर जागेला एक लिटर पाणी, झारीने. विरळणी करताना जादा रोप उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं.

मुरूमाड:
थेट बी लावायचं असलं तरी जागा तयार करावीच लागते, फक्त खड्डा खणायची गरज नाही. पहारीने ६० सेंमी खोल भोक आणि वर ३० सेंमी व्यासाची जागा भुसभुशीत, एवढं पुरे.

शंकेखोर:
म्हणजे बी फेका, फक्त नीट फेका. माझंच म्हणणं झालं की हे!

मुरूमाड:
विसरा हा शब्द मागे घेतलात तर तुमचंच.

कुंपणकर:
काही जागांसाठी रोपं घेणार आहे. रोपवाटिकेत ‘पिवळा कॅशिया’ अशी पाटी आहे. हाच तरवड का?

पाकोळी:
पाटीवर जाऊ नका. तरवडाला लिनियसने १७५३ साली कॅशिया ऑरिक्युलाटा नाव दिलं, आता तो सेना ऑरिक्युलाटा म्हणून ओळखला जातो. पण पिवळ्या फुलांची आणि जोडीजोडीने पानं असलेली डझनभर झाडं ‘कॅशिया’ या एका नावाने विकली जातात. त्यातली काही झुडपं आहेत, काही चांगले मोठे वृक्ष होतात, आणि बरीच इथली नाहीत.

ओळख पानाच्या बुडाशी आहे. जिथे पानाचा देठ फांदीला जोडलेला असतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोल, हिरवी उपपर्णं असतात आणि ती लवकर गळत नाहीत. ऑरिक्युलाटा म्हणजे कानासारख्या पाळ्या असलेला. नाव यावरूनच पडलं. दुसरी खूण, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मधे देठावर एक बारीक उभी ग्रंथी असते. नखाने चाचपली तर टोचल्यासारखी लागते. पर्णिकांच्या साधारण ८ ते १२ जोड्या. रोपवाटिकांत बऱ्याचदा मिळणाऱ्या सेना सुरॅटेन्सिसला पर्णिका कमी आणि मोठ्या असतात, ग्रंथी फक्त खालच्या जोड्यांत, आणि उपपर्णं अरुंद, विळ्यासारखी. रोप फुलावर नसलं तरी कान बघितले की निकाल लागतो.

टाकळ्याशी गोंधळ होऊ नये. तो पावसाळी, वर्षभरात संपणारा, आणि त्याची शेंग लांब, बारीक असते.

खुरपं:
रोप घेताना उंच बघून भुलू नका. पाऊण-एक मीटरचं रोप म्हणजे पिशवीत वर्ष काढलेलं रोप. वीत-दीड वीत उंचीचं, दोन-तीन महिन्यांचं घ्या. पिशवी उचलून तळ बघा. जाड मूळ भोकातून बाहेर येऊन जमिनीत शिरलं होतं आणि ते तोडून दिलंय असं दिसलं तर ते रोप नको.

घरी रोपं करायची असतील तर पिशवी उभट, ५ × १० इंच. २ भाग माती, १ भाग जाड वाळू, १ भाग कुजलेलं शेणखत. बी एप्रिलच्या मध्यावर लावलं की जूनअखेर-जुलैत रोप तयार. पहिले दोन आठवडे ५० टक्के सावलीची जाळी, मग पूर्ण ऊन. पिशव्या विटांवर किंवा जाळीवर ठेवा, म्हणजे तळाशी हवा लागून मूळ टोकाशी थांबतं. रोप वर वीतभर दिसतं तोवर मूळ तळाला टेकलेलं असतं, म्हणून चौथा महिना पिशवीत काढू देऊ नये.

लावताना पिशवी दोन्ही बाजूंनी चिरून पूर्ण काढा. तळाचा २ सेंमी भाग धारदार पात्याने कापून टाका, वळलेली मुळं त्यातच असतात. मातीचा गड्डा फोडू नका. आणि रोपाची मान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वर राहू द्या, माती खाली बसतेच.

माळावरचं झुडूप खणून आणायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. सोटमूळ तुटतं, झाड पंधरा दिवस हिरवं राहतं आणि मग एकदम वाळतं. शिवाय माळावरचं एक झुडूप जातं ते वेगळंच.

ठिबकवाला:
पाण्याचं लिहितो, कारण तरवड तहानेने जितका मरतो त्याहून जास्त रोजच्या पाण्याने मरतो.

रोज एक लिटर घालणं आणि दहा दिवसांनी एकदम दहा लिटर घालणं, पाणी तेवढंच. पण रोजचं लिटर वरच्या बोटभर-चारबोट मातीत राहतं आणि बरंचसं उडून जातं. मूळ ओलीच्या मागे जातं, म्हणून वरच पसरतं. मग आठ दिवस बाहेरगावी गेलात की झाड मान टाकतं आणि लोक म्हणतात, कसलं हे कोरडवाहू झाड! ६० सेंमी व्यासाच्या आळ्यात १० लिटर घातले तर ते ३५ मिमी पावसाइतकं होतं. त्याची ओल चांगली हातभर खाली उतरते आणि मूळही तिच्यामागे उतरतं.

पहिलं वर्ष: पाऊस संपल्यावर थंडी सुरू होईपर्यंत १५ दिवसांनी १० लिटर. थंडीत २० दिवसांनी. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत १० ते १२ दिवसांनी.

दुसऱ्या उन्हाळ्यात आळं ९० सेंमीचं करा आणि महिन्यातून एकदा २० लिटर. आळं मोठं केलं नाही तर पाणी बुंध्याशीच पडत राहतं, मुळाचं टोक तोवर कुठल्या कुठे गेलेलं असतं. तिसऱ्या उन्हाळ्यापासून बंद. फारच कडक गेलं तर एप्रिल-मेमध्ये एखादी पाळी.

ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्यापासून ३० सेंमी अंतरावर समोरासमोर. सव्वा तासात १० लिटर होतात. ड्रिपर बुंध्याला चिकटवून ठेवणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. मान सतत ओली राहते आणि साल मऊ होऊन सुटते. दुसऱ्या वर्षी ड्रिपर ४५ सेंमीवर सरकवा. आणि ठिबकचा टायमर ‘रोज १० मिनिटं’ असा लावणार असाल तर ठिबक न बसवलेलं बरं.

पाणी द्यायची वेळ झाली का, हे कॅलेंडरपेक्षा सळईने कळतं. ८ मिमीची लोखंडी सळई आळ्याच्या कडेला दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि बाहेर काढल्यावर तिला माती चिकटलेली दिसते. वीतभर खाली जाऊन अडली आणि कोरडी निघाली तर पाणी द्या. मुरमात दगडाला अडते, तेव्हा दोन-तीन जागी टोचून बघा.

कुंपणकर:
उत्तम माहिती. काळ्या मातीचं राहिलं.

काळीभोर:
लावा, पण खड्डा करू नका. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे हौद. भोवतालची माती पाणी आत सोडते, बाहेर सोडत नाही. त्यात मुरूम आणि खत भरलं तर आणखी वाईट, कारण आजूबाजूचं सगळं पाणी त्या सैल जागेत येऊन बसतं.

आधी परीक्षा घ्या. ३० सेंमी खोल खळगा करून एकदा पाणी भरा, ते जिरू द्या. मग पुन्हा १० लिटर ओता आणि वेळ बघा. दोन-तीन तासांत गेलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसलं तर तिथे सपाट जमिनीवर तरवड नको.

तुमच्या वर्णनावरून उंचवटा करावाच लागेल. सहा मीटरचा सलग वरंबा घाला, बुडाशी रुंदी १.२ मीटर, उंची ४० ते ४५ सेंमी. मातीत एक-तृतीयांश मुरूम नीट कालवा. थर देऊ नका. थर दिला की दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. वरंबा पावसाळ्यापूर्वी महिनाभर आधी घालून एक-दोन पाणी देऊन बसू द्या. सखल बाजूला पाण्याला वाट काढून ठेवा, नुसता वरंबा घालून पाणी शेजाऱ्याकडे ढकलू नका, नाहीतर पुढचा धागा भांडणाचा निघेल.

उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. भेग दिसली की खुरप्याने वरची दोन इंच माती मोडून तिच्यात ढकला आणि वर ५ ते ७ सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची. वाळवीचा त्रास असेल तर पाचोळ्याऐवजी मुरमातले निघालेले गोटे पसरा. दगडाखाली ओल टिकते आणि वाळवीला खायला काही नसतं.

काळ्या भागात पाणी देताना ठिबकवाल्यांच्या अंतरात चार-पाच दिवस वाढवा. काळी माती धरून ठेवते.

खुरपं:
शेणखतावर मुरूमाडांशी थोडा वेगळा आहे. अर्धं घमेलंही मला जास्त वाटतं. निव्वळ मुरमात ठीक, पण वरंब्यात अजिबात नको.

मुरूमाड:
वरंब्यात नको हे मान्य. मुरमात मात्र ओल धरून ठेवायला काहीतरी सेंद्रिय हवं, ते पोषणासाठी नाही. युरिया वगैरेला तर हातच लावू नये. नत्र जास्त झालं की फांद्या लांब, लिबलिबीत येतात, वाऱ्याने फाटतात, फूल कमी आणि मावा जास्त.

कुंपणकर:
तरवड शेंगवर्गीय ना? मग तो स्वतःच नत्र देईल, शेजारच्या झाडांनाही फायदा होईल असं वाचलं.

पाकोळी:
शेंग आहे पण गाठी नाहीत. सेना गटातल्या झाडांच्या मुळांवर सहसा नत्राच्या गाठी धरत नाहीत, तरवड त्याच गटातला. म्हणून शेजारच्या झाडाला खत मिळेल ही आशा नको. पानगळीचं आच्छादन मिळेल, तेवढं खरं.

अवांतर: तेलंगणाचं राज्यफूल हेच, तिकडे त्याला तंगेडू म्हणतात.

शंकेखोर:
गुरंढोरं? कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला शेळ्या फिरत असतील तर?

खुरपं:
तरवडाच्या पाल्याला शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत. सालीत टॅनिन भरपूर. कातडी कमावायला हीच साल वापरत आले आहेत. बांधावर तरवड टिकून राहतो त्यामागे हे एक कारण. धोका खाण्याचा नाही, तुडवण्याचा आहे. पहिलं वर्ष प्रत्येक रोपाभोवती चार काटेरी फांद्या रोवल्या की भागतं.

अंतराचंही सांगून टाकतो: दाट कुंपणाला १ मीटर, तारेपासून पाऊण मीटर आत. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर सोडलात तर १८ मीटरला बरोबर १८ झुडपं बसतात. एकटं, डेरेदार हवं असेल तर २ मीटर. जागा दिवसात निदान सहा तास उन्हाची हवी. मोठ्या झाडाच्या सावलीत तरवड जगतो पण काठीसारखा वाढतो.

कुंपणकर:
छाटणी कधी? कुंपण चौकोनी, नीटनेटकं ठेवता येईल का?

मुरूमाड:
ठेवता येईल, पण मग फुलं विसरा. फुलांचे झुबके नव्या फांद्यांच्या शेंड्याकडे आणि वरच्या पानांच्या बगलेत येतात. दर महिन्याला कातरीने वरून सपाट केलं की दर वेळी नेमक्या कळ्याच जातात. मेंदीसारखं कुंपण हवं असेल तर मेंदीच लावा.

रोप ३० सेंमीचं झालं की शेंडा एकदा खुडा, बुडापासून तीन-चार फांद्या निघतात. हे चुकलं तर खाली उघडं आणि वर झुपका असं होतं, आणि कुंपणाला खालचा भागच महत्त्वाचा. दुसऱ्या वर्षापासून मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, प्रत्येक फांदीचा तिसरा हिस्सा कमी करा. तीन-चार वर्षांनी झुडूप बुडाशी लाकडी आणि विरळ झालं की पावसाच्या तोंडावरच ३० ते ४५ सेंमीवर सगळं कापा. तरवड बुंध्यातून जोरात फुटतो, तेव्हा घाबरू नका. मात्र एकाच वर्षी सगळी ओळ कापू नका, एकाआड एक कापा.

पाऊस ओसरल्यानंतर कापू नका. बहर साधारण तेव्हाच जोर धरतो आणि कापलेल्या जागी आलेला कोवळा फुटवा थंडी-उन्हात रखडतो. काप डोळ्याच्या वर बोटभर, तिरका. कात्रीला धार नसेल तर साल सोलली जाते, आणि तरवडाची साल लांबपर्यंत सोलते. माहीतच आहे, तिचाच तर धंदा व्हायचा.

पाकोळी:
पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारणीला धावू नका. हिरवी, अंगाच्या बाजूने फिकट पट्टा आणि त्यावर काळ्या ठिपक्यांची रांग असलेली अळी असेल तर ती एमिग्रंट गटातल्या फुलपाखराची. पर्णिकेच्या मधल्या शिरेवर लांब पडून असते, शिरेचाच रंग आणि शिरेचीच रेघ, त्यामुळे पान डोळ्याजवळ धरलं तरी पटकन सापडत नाही. मोठ्या झुडपाची अर्धी पानं खाल्ली तरी पंधरा-वीस दिवसांत नवी येतात. रोप ३० सेंमीपेक्षा लहान असेल तेवढ्यापुरत्या अळ्या उचलून मोठ्या झुडपावर सोडा.

कोवळ्या शेंड्यावर मुंग्यांची रांग असेल तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस. तेवढ्याने नाही गेलं तर तो शेंडा कापून टाका.

आणि फुलं भरपूर पण शेंगा नाहीत, अशी तक्रार पुढे येईलच. तरवडाच्या फुलात मध नसतो. परागकोशाला टोकाशी बारीक भोकं असतात, परागकण त्यातून हलवूनच बाहेर काढावे लागतात. मोठा काळा सुतार भुंगा फुलाला बिलगून पंख न फडफडवता अंग थरथरवतो, तेव्हा त्याचा आवाज बदलतो, बारीक आणि चढा होतो, आणि त्याच्या पोटावर पिवळी भुकटी पडते. साध्या मधमाशीला हे जमत नाही. हा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो. कुंपणाजवळ एखादा वाळका ओंडका, दोन-चार बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवलेत तर तो टिकतो. फुलांच्या दिवसांत कीटकनाशक मारलं तर आधी हाच जातो.

कुंपणकर:
एक शंका. आधी लावून पाहिलेल्या दोन रोपांपैकी एकाची खालची पानं पिवळी पडून गळतायत, दुसऱ्याची वरची कोवळी पानं पिवळी आहेत पण शिरा हिरव्या. दोन्हींना पाणी सारखंच आहे.

काळीभोर:
दोन वेगळे आजार. खालची पिवळी पडून गळत असतील आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. पाणी बंद करा, आळं मोडून मान उघडी करा आणि बुंध्याची साल जमिनीलगत नखाने खरवडून बघा. आत हिरवी निघाली तर वाचेल, तपकिरी आणि ओली निघाली तर आशा सोडा. माती कोरडी असताना खालची पानं गळली तर ती तहान.

वरची कोवळी पिवळी, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. चुनखडीची जमीन किंवा जड बोअरचं पाणी असलं की असं होतं. मातीच्या कडेला पांढरी खपली दिसते का बघा. दिसत असेल तर वर्षातून एकदा पावसाळ्यात आळं तसंच उघडं ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या आणि उन्हाळ्यात थोडं-थोडं पाणी देणं बंद करा. थोड्या पाण्याने क्षार मुळाशीच साचतात. लोहाची फवारणी तात्पुरती आहे, कारण जमिनीत आहे.

मे महिन्यात वाढलेल्या झुडपाची बरीच पानं गळाली तर त्यात काही आजार नाही. डहाळी खरवडून हिरवी दिसली की पाऊस येईतो गप्प बसा. या वेळी घाबरून रोज पाणी दिलं की झाड कोवळं फुटतं आणि ते लूच्या झळीत करपतं.

शंकेखोर:
फुलांचा चहा करतात म्हणे, साखरेवर चांगला?

खुरपं:
तो विषय आरोग्याच्या धाग्यात काढा, इथे झुडूप लावू द्या.

कुंपणकर:
सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: मुरमाड १२ जागी थेट बी, वरंब्यावर ६ रोपं, आणि काही रोपं हाताशी जादा. बी किती गोळा करू?

बियाणेवाली:
१२ जागी चार-चार म्हणजे ४८, रोपांसाठी पिशव्या १० धरा आणि पिशवीत दोन-दोन, म्हणजे २०. एकूण ७० च्या आसपास. एका शेंगेत १२ धरल्या तरी सहा शेंगांत होतात, पण भुंगेऱ्याचा वाटा काढावा लागतो. १५ शेंगा घ्या, आणि एकाच झुडपाच्या नको, चार-पाच झुडपांच्या तीन-तीन. उरलेलं बी डब्यावर महिना लिहून ठेवा. पहिल्या वर्षी ज्या जागा रिकाम्या राहतील तिथे पुढच्या पावसाळ्यात तेच लावा, नेलकटरने कापून.